जुन्या मोटारी आणि वीस टक्के इथेनॉल : प्रकल्प नोंदवही

१७ एप्रिल २०२५

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटार व्हेईकल या ट्रेडच्या दुसऱ्या वर्षासाठी यंदा हा विषय घेतला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत आले आहे. ज्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्याच नाहीत, त्याच गाड्या आपल्या तालुक्यात सर्वांत जास्त फिरतात. एप्रिल २०२३ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांचे रबर, धातू आणि प्लास्टिक या मिश्रणाला टिकेल असे असणे अपेक्षित आहे, आणि इंजिनाचे ट्यूनिंगही त्यानुसार असण्याची अट याच महिन्यापासून आहे. त्याआधीच्या गाड्यांचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

निरीक्षणासाठी चार गाड्या मिळाल्या. एक १९९६ सालची कार्बोरेटरवाली (हवा आणि पेट्रोल यांत्रिक पद्धतीने मिसळणाऱ्या भागाची) छोटी मोटार निवृत्त गुरुजींची असून ती आठवड्यातून एकदा शेतावर जाते आणि बाकी वेळ गोठ्याशेजारी उभी असते. दुसरी २००९ सालची, शाळेची मुले नेणारी व्हॅन. तिसरी कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या भाऊंची २०१७ सालची हॅचबॅक, आणि चौथी सहकाऱ्याची २०२३ सालच्या अखेरीस घेतलेली, तुलनेपुरती.

२२ एप्रिल

पहिले काम म्हणजे आपल्याला मिळते ते इंधन नेमके काय आहे हे पाहणे. काचेच्या मोजपात्रात शंभर मिलिलिटर पेट्रोल घेऊन त्यात दहा मिलिलिटर पाणी घातले, बूच लावून हलवले आणि स्थिर होऊ दिले. इथेनॉलला पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ जास्त असल्यामुळे ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. दहाचा थर तिसाच्या थोडा अलीकडे येऊन थांबला, म्हणजे प्रमाण वीस टक्क्यांच्या जवळ आहे. पंपावर ग्राहकाला घनता तपासून मागता येते, गाळणकागदाची चाचणी मागता येते, परंतु इथेनॉल किती हे घनतेवरून कळत नाही, कारण त्याची घनता पेट्रोलपेक्षा थोडीच जास्त असते.

मुलांनी लगेच विचारले की असे धुऊन काढलेले वरचे पेट्रोल जुन्या गाडीत का घालू नये. घालू नये. कंपन्या मूळ पेट्रोल इथेनॉलच्या वाढीव ऑक्टेनचा, म्हणजे ठोके न मारता जळण्याच्या क्षमतेचा, हिशेब धरूनच तयार करतात, त्यामुळे इथेनॉल काढल्यावर जे उरते त्याचे ऑक्टेन घसरलेले असते आणि इंजिन ठोके मारू लागते. शिवाय त्यात पाण्याचा अंश राहतो, आणि खाली उरलेले दारू-पाणी नालीत सोडण्याजोगे नसते. आणि घरोघरी पेट्रोल हलवत बसण्यातला धोका वेगळाच.

६ मे

गुरुजींची गाडी शेतावर जाताना रस्त्यातच दोनदा बंद पडली आणि दोन्ही वेळा अर्धा तास सावलीत उभी केल्यावर सुरू झाली. उन्हाने चाळिशी कधीच ओलांडली आहे. या गाडीचा इंधनपंप इंजिनालाच बसवलेला आणि यांत्रिक आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, आणि पेट्रोलमधील हलक्या घटकांसोबत ते त्याहूनही कमी तापमानाला वाफ होऊ लागते. पंपात आणि पाइपमध्ये वाफ साचली की पंप नुसता हवा मारतो. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकत असत, आणि तो उपाय आजही लागू पडतो.

दुसरी गोष्ट मिश्रणाची. पेट्रोलच्या एका भागाला जाळण्यास सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. वीस टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. कार्बोरेटरचे भोक तेवढेच राहते, त्यामुळे इंजिनाला इंधन कमी पडते आणि गाडी चढावर दम खाते. गुरुजी म्हणाले, “अर्धा चोक ओढूनच चालवतो जी, नाही तर धक्के खाते.” मुख्य जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून इंधन जाते तो भाग, एक नंबर मोठा घालून पाहणार आहोत.

फ्लोट चेंबर, म्हणजे कार्बोरेटरमधील इंधन साठण्याची वाटी, उघडला तेव्हा तळाशी पांढरी, पिठासारखी पूड होती आणि कडेने ओलसर चिकटा होता. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची असते आणि पाणी धरलेले इथेनॉल आत महिनोन् महिने पडून राहिले की ती अशी पांढरी पडते. पितळी जेटचे भोक या पुडीने निम्मे बुजले होते. नखाने खरवडल्यावर खाली बारीक खड्डे दिसले, म्हणजे धातू खाल्ला गेला आहे आणि साफसफाईने तो परत येणार नाही.

११ जून

ॲव्हरेजचा प्रश्न सर्वांत जास्त लोक विचारतात आणि सर्वांत जास्त अतिशयोक्ती याच बाबतीत होते. चौकात बसून ऐकले तर सर्वांच्या गाड्यांचे ॲव्हरेज निम्म्यावर आलेले असते. हे शक्य नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि एक लिटर इथेनॉलमध्ये साधारण २१. वीस टक्के मिश्रणाचा हिशेब तीसच्या किंचित खाली येतो, म्हणजे शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही मूळ पेट्रोलसाठी बनवून दहा टक्क्यांसाठी ट्यून केलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि दहा टक्क्यांसाठी बनवून वीससाठी ट्यून केलेल्यांना १ ते २ टक्के घट येईल, असा अंदाज दिलेला आहे.

आमच्या सुदैवाने व्हॅनमालक प्रत्येक वेळी किलोमीटर आणि लिटर वहीत लिहून ठेवणारा माणूस आहे. वही तेलकट आहे, काही पानांवर मुलांच्या फीचा हिशेबही आहे, परंतु आकडे सलग आहेत. २०२१ च्या पानांवर व्हॅन लिटरला पंधराच्या जवळ जाते. आता चौदाच्या खालीवर आहे. म्हणजे जवळजवळ सात टक्के. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे, ती ही की २०२०-२१ मध्येही पेट्रोल शुद्ध नव्हते. देशाची सरासरी ८.१ टक्के इथेनॉलची होती. आठवरून वीसवर जाताना ऊर्जेच्या हिशेबाने घट चार टक्क्यांच्या थोडी पुढे असायला हवी. उरलेली घट इथेनॉलची नाही. एअर फिल्टर काढला तर त्यात कापसाच्या सरकीचे तंतूसुद्धा निघाले, आणि टायरांत हवा कमी होती. हे दुरुस्त केल्यावर उरलेली घट बऱ्यापैकी भरून आली.

चार टक्के म्हणजे थोडे आहे, असे मात्र आम्ही लिहिणार नाही. पेट्रोल लिटरला शंभरच्या वर असताना आणि मुलांची फी जूनमध्ये वर्षभरासाठी ठरत असताना, ते पैसे व्हॅनमालकाच्याच खिशातून जातात.

८ जुलै

मे महिन्यात काचेच्या बरण्यांत पेट्रोल घालून बुडवून ठेवलेले रबराचे तुकडे आज बाहेर काढले. नैसर्गिक रबराचा तुकडा फुगून लिबलिबीत झाला आहे. गुरुजींच्या गाडीतून काढलेला जुना नायट्राइल या कृत्रिम रबराचा पाइप बाहेरून चांगला दिसतो, पण चिमटीत धरून वाकवला की आतल्या बाजूने तडे उघडतात, आणि बरणीतील पेट्रोल काळपट झाले आहे, म्हणजे रबरातील काहीतरी विरघळून बाहेर आले आहे. ज्याला मेकॅनिक व्हायटन म्हणतात त्या फ्लुओरो-रबराच्या ओ-रिंगला काहीही झालेले नाही.

तालुक्याच्या बाजारात मीटरवर मिळणारा ‘पेट्रोल पाइप’ आणून तपासला असता त्यावर कोणताही छाप नव्हता. दुकानदार म्हणतो, सर्व जण हाच नेतात. इंजेक्शनच्या गाडीसाठी एसएई जे३० आर९ या इंधन-पाइपच्या मानकाचा छाप असलेला पाइप घ्यावा, हे मुलांच्या वहीत लिहून दिले. तो अमरावतीहून मागवावा लागला आणि किंमत साध्या पाइपच्या कित्येक पट आहे.

२५ जुलै

या नोंदीला जास्त जागा लागणार आहे, कारण या प्रकल्पातील मुख्य गोष्ट आज समोर आली.

संततधार पावसानंतर सकाळी व्हॅन सुरू झाली, गल्लीच्या तोंडापर्यंत गेली, मिसिंग मारू लागली आणि बंद पडली. मुले दुसऱ्या गाडीने पाठवून व्हॅन ढकलत वर्कशॉपमध्ये आणली. ड्रायव्हर म्हणाला, “कालच पेट्रोल टाकलं जी, त्यातच पानी असन.” पंपावर खापर फोडणे सर्वांत सोपे असते. पंपावरही पाणी शिरू शकते आणि तेथे रोज तपासणी व्हायला हवी हे खरे. म्हणून आधी त्याच पंपावरून बाटलीत नमुना आणला. तो स्वच्छ, एकजीव निघाला.

टाकीचा तळ मोकळा करून इंधन काचेच्या बरणीत घेतले. दोन थर सरळ दिसत होते. वरचा पिवळसर आणि पारदर्शक, खालचा फिकट आणि किंचित गढूळ. बरणी तिरपी केली की दोन्हींमधली रेषा न तुटता हलत होती. खालचा थर सर्व मिळून लिटरभराहून जास्त निघाला. एवढे पाणी टाकीत शिरले असते तर कोणाच्या तरी लक्षात आले असते. एवढे पाणी एकदम शिरलेले नव्हते. टाकीच्या झाकणाचा रबरी वायसर कडक होऊन एका बाजूने चिरला होता, झाकणाभोवतालच्या खोलगट भागात लिंबाचा पाला साचून निचऱ्याचे भोक बुजले होते, आणि व्हॅन रात्रभर उघड्यावर उभी असते. तेथून थोडे थोडे पाणी झिरपले.

वीस टक्के मिश्रण थोडे पाणी पोटात घेते, दहा टक्के मिश्रणापेक्षा जास्तच घेते, आणि ते पेट्रोलबरोबर जळूनही जाते. हा त्याचा गुणच म्हणावा लागेल. वर्कशॉपमध्ये शंभर मिलिलिटरमध्ये ड्रॉपरने पाणी सोडून पाहिले तेव्हा एक मिलिलिटरच्या आसपास जाईपर्यंत इंधन एकजीव राहिले. त्यापुढे मात्र थेंबाथेंबाने फरक पडत नाही, सगळे एकदम गढूळ होते आणि पाणी आपल्याबरोबर कित्येक पट इथेनॉल ओढून तळाशी बसते. जुन्या पेट्रोलमध्ये पेलाभर पाणी तळाशी वर्षानुवर्षे निमूट पडून राहत असे. आता तळाशी जे बसते त्याचा थर इंधनपंपाच्या तोंडापर्यंत पोहोचतो आणि पंप तेच उचलतो. तापमान उतरले की पाणी सामावण्याची क्षमताही उतरते, त्यामुळे दिवसा चालणारी गाडी पहाटे अडते.

व्हॅनमालकाला वरचा थर परत टाकीत घालायचा होता. आठ-नऊ लिटर पेट्रोल फेकायला कोणाचाही हात धजत नाही. परंतु त्यातले इथेनॉल खाली गेल्यामुळे ऑक्टेन घसरलेले आहे. ते पार्ट धुण्यासाठी वर्कशॉपमध्ये ठेवून घेतले आणि त्याबदल्यात मजुरी लावली नाही. टाकी पुसून, फिल्टर आणि झाकण बदलून व्हॅन दुपारी चालू झाली.

हवेतील दमटपणामुळे टाकीत पाणी होते, असे मोबाइलवर सर्वत्र फिरते. होते, परंतु बंद टाकीत ते अतिशय सावकाश होते. आपल्याकडे खरे पाणी झाकणातून, उघड्या कॅनमधून आणि बाटलीतून येते.

७ ऑगस्ट

पेट्रोलियम मंत्रालयाचे या आठवड्यातील निवेदन वर्गात वाचले. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, हे खर्चिक नाही आणि नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होऊ शकते, असे त्यात आहे. रोज चालणाऱ्या गाडीसाठी हे आमच्या निरीक्षणाशी जुळते. परंतु किलोमीटर हे माप गुरुजींच्या गाडीला लागू होत नाही. ती वर्षाकाठी जेमतेम हजारभर किलोमीटर चालते आणि तिचेच रबर सर्वांत आधी गेले. रबर आणि धातू इंधनात किती महिने भिजत पडले, हे मोजायला हवे.

२६ ऑगस्ट

पोळ्याच्या सुटीनंतर फवारणी यंत्रे दुरुस्तीला आली. विषय मोटारींचा असला तरी हे नोंदवणे आवश्यक वाटते, कारण इंधन तेच आहे. कपाशीच्या फवारणीचे दोन स्ट्रोकचे यंत्र आठ महिने कोठीत पडून असते आणि टाकीत गेल्या हंगामाचे पेट्रोल-ऑइल तसेच असते. थर फुटले तर ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, आणि नळी तळापासून ऑइल नसलेले इथेनॉल-पाणी उचलते. पिस्टन कोरडा चालतो आणि जाम होतो. एका यंत्राच्या सिलिंडरवर बोटाला लागतील असे उभे ओरखडे होते. हंगाम संपला की टाकी रिकामी करून यंत्र बंद पडेपर्यंत चालवावे, एवढे जरी गावोगाव सांगितले तरी पुष्कळ यंत्रे वाचतील.

४ सप्टेंबर

इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय पंपावर मिळावा यासाठीची जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ तारखेला फेटाळली. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला या मिश्रणाबरोबरच राहायचे आहे, आणि प्रकल्पाचा रोख आता तक्रारीपेक्षा देखभालीवर ठेवावा लागेल.

भाव कमी का नाही, हा प्रश्न मात्र उरतोच. नीती आयोगाच्या अहवालाने कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रणाचा किरकोळ भाव साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावा असे सुचवले होते. मंत्रालयाच्याच आकड्यांनुसार ३१ जुलैपर्यंत इथेनॉलची सरासरी खरेदी वाहतूक आणि जीएसटीसह लिटरला ७१.३२ रुपयांना पडली, त्यामुळे आता ते स्वस्तच राहिलेले नाही. कृषी सेवा केंद्राच्या भाऊंनी यावर जे सांगितले ते तेलबियांच्या व्यापारात सर्वांना माहीत आहे. मक्याचे इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, डीडीजीएस, पशुखाद्यात सोयाबीनच्या ढेपेची जागा घेतो आणि ढेपेचा भाव पडला की सोयाबीन पडते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. भाऊ स्वतः शेतकरीही आहेत, त्यामुळे त्यांचा माल आणि त्यांच्या हॅचबॅकची टाकी दोन्हीकडून या धोरणाशी बांधलेली आहे. ऊस आपल्याकडे थोडाच, आणि उसाच्या एका लिटर इथेनॉलमागे २,८६० लिटर पाणी लागते असे अहवालच म्हणतो, तेव्हा कोरडवाहू विदर्भाने त्या वाटेने जावे असे कोणी सुचवू नये.

१९ सप्टेंबर

व्हॅनचा फिल्टर उघडला. तपकिरी गाळ. टाकीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे बसलेला चिकटा इथेनॉलने सुटून येत आहे; पुढचा फिल्टर लवकर बदलावा लागेल, त्यानंतर नेहमीच्या मुदतीला चालेल.

३ नोव्हेंबर

दिवाळीनंतर हॅचबॅकला स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सरच्या संदेशावरून संगणक इंधन कमी-जास्त करतो आणि त्याची दीर्घकालीन भर सध्या सहा टक्क्यांच्या आसपास आहे. साडेतेरा आणि १४.७ या हवेच्या प्रमाणांतील फरकाशी हे सुसंगत आहे आणि मर्यादेच्या बरेच आत आहे. म्हणून ही गाडी धक्के खात नाही. मात्र इंजेक्टर अर्धवट बुजले किंवा सेन्सर म्हातारा झाला, तर ही भर आधीच वापरलेली असल्यामुळे हाताशी उरलेली जागा कमी आहे. नव्या गाडीत नोंद घेण्यासारखे काही आढळले नाही.

१२ डिसेंबर

पहाटे चांगलीच थंडी आहे. चारही गाड्या सुरू झाल्या, गुरुजींच्या गाडीला चोक जास्त वेळ लागला. मुख्य जेट मोठा केल्यापासून चढावरचा दम खाणे थांबले आहे.

दोन मुलांनी गाडी पूर्ण इथेनॉलवर चालवण्याचा प्रस्ताव आणला. नागपूरचे खासदार असलेले केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी ऑगस्ट २०२३ मध्ये फ्लेक्स-फ्युएल मोटारीचा नमुना सादर केला तेव्हापासून हा प्रश्न दरवर्षी येतो. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलच्या दुपटीहून जास्त उष्णता लागते, म्हणून ब्राझीलमधील इथेनॉलच्या गाड्यांना थंडीत सुरू होण्यासाठी पेट्रोलची वेगळी छोटी टाकी द्यावी लागत असे. तेथे १९७९ पासून त्यासाठी बनवलेल्या गाड्या विकल्या गेल्या. जुन्या गाडीचा जेट मोठा करून ते साधलेले नाही. प्रस्ताव परत केला.

९ जानेवारी २०२६

गाडीमालकांसाठी एक पानी सूचना तयार झाली आणि ती संस्थेच्या गेटवर आणि दोन गॅरेजांत लावली. तिचा भर उभ्या गाडीवर आहे. गाडी दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत हवेला जागा राहत नाही. हंगामभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट चेंबर दोन्ही रिकामे करावेत. पावसाळ्याआधी टाकीच्या झाकणाचा वायसर पाहावा आणि निचऱ्याचे भोक तारेने मोकळे करावे. प्लास्टिकच्या बाटलीतले पेट्रोल टाकीत घालू नये. रबरी पाइप छाप पाहून घ्यावा. ‘इथेनॉल-रक्षक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांबद्दल सूचनेत काही लिहिलेले नाही. एकदा थर फुटल्यावर ते पुन्हा जोडणारे औषध आमच्या पाहण्यात आलेले नाही आणि विकत आणून तपासण्याइतका निधीही नाही.

गुरुजींच्या गाडीला दुसऱ्या गाडीचा वापरलेला, पण न खाल्लेला कार्बोरेटर बसवला आहे. त्यांनी महिनाभराचे पेट्रोल एकदम भरणे सोडले आणि शेताचा फेरा आठवड्यातून दोनदा करायचे ठरवले. व्हॅनचे सर्व पाइप बदलले. बिलाचा निम्मा भाग मालकाने फेब्रुवारीत देण्याचे कबूल केले आहे. हॅचबॅकच्या टाकीतला इंधनपंप अजून उघडलेला नाही. पेरणीची लगबग सुरू झाली की भाऊ गाडी सोडणार नाहीत, म्हणून तो मार्चमध्ये उघडायचा आहे.